उपेंद्र सरांच्या गेटसमोर

सरळच सांगते, बास्केटबॉल आवडतो म्हणून मी सायलीच्या मागे लागले असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. बास्केटबॉल मला आवडायचा, एके काळी. पण गेली तीन वर्षं मला त्या खेळाकडून एकच गोष्ट हवी होती. उपेंद्र सरांची जिरवायची होती.

हे उपेंद्र सर म्हणजे गंगापूर रोडवरच्या एका बड्या कॉलेजच्या मुलींच्या संघाचे कोच. बावीस वर्षांपूर्वी ते विद्यापीठाच्या निवड समितीवर होते आणि मी, अंजली, वीस वर्षांची, दुसऱ्या एका साध्या कॉलेजची फॉरवर्ड. बास्केटखाली घुसायचं, पॉइंट काढायचे, रिबाउंड म्हणजे हुकून परतलेले चेंडू ओढायचे आणि येईल ते कोपर खायचं, हे फॉरवर्डचं काम. बारा जणींची यादी लागली, त्यात माझं नाव होतं. आईने गल्लीत पेढे वाटले. दोन दिवसांनी दुसरी यादी लागली, त्यात नव्हतं. माझ्या जागी सरांच्या मित्राची मुलगी. मी जाब विचारायला गेले, तर सगळ्या मुलींसमोर म्हणाले, "हिला डावा हातच नाही. एका हाताने काय खेळणार ही?" मुली फिदीफिदी हसल्या.

लग्न झालं, दोन मुलं झाली, रविवार कारंज्याजवळ फ्लेक्स छापायचं दुकान टाकलं, एक गुडघा कामातून गेला. ते हसणं मात्र कानातून गेलं नाही. रस्त्यात कुठे उपेंद्र सरांची स्कूटर दिसली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. नवरा म्हणायचा, सोड ना आता. सोडायला काय ती भाजीची पिशवी आहे?

आणि मग सायली आली. सिन्नरची. वडील बहिरूभाऊ तिथल्याच एमआयडीसीत कामाला, आई कुसाबाई घरी शिवणकाम करते. पोरगी पाच फूट दहा इंच, हात गुडघ्यापर्यंत लांब, आणि माझ्याच जुन्या कॉलेजात पहिल्या वर्षाला. मी सहज म्हणून कोर्टाकडे डोकावले होते. तिने दोघींच्या डोक्यावरून चेंडू ओढला आणि मी जाळीला धरून उभीच राहिले. मनात म्हटलं, अंजले, तुझं हत्यार आलं.

हो, हत्यारच म्हटलं मी. उगाच गोड कशाला बोलू?

कॉलेजचे कोच होते, पण त्यांच्याकडे क्रिकेटसुद्धा होतं आणि कबड्डीसुद्धा. मी रोज संध्याकाळी दुकान नवऱ्यावर सोपवून कोर्टावर जायला लागले. तिचा उजवा हात ओढणीने पाठीशी बांधला आणि सहा महिने तिला नुसत्या डाव्या हाताने खेळवलं. "ताई, लय दुखतंय हो," ती म्हणायची. "दुखू दे," मी म्हणायचे. आणि ती खेळायची. उलट उत्तर नाही, तोंड वाकडं नाही. शेवटची सिन्नरची बस चुकेल म्हणून धावत सीबीएस स्टँडला जायची, तेही चेंडू आपटतच.

गेल्या वर्षी अंतिम सामन्यात उपेंद्र सरांच्या संघाविरुद्ध तिने एकटीने चोवीस पॉइंट केले. तरी आम्ही दोन पॉइंटने हरलो. सर उठून शांतपणे टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्या मी रात्रंदिवस ऐकल्या.

यंदा तिचं तिसरं वर्ष. शेवटचं. आमचा म्हणून एक गोतावळा आहे, त्यात सगळ्यांच्या अपेक्षा नुसत्या उतू चालल्या होत्या. शेखर रिक्षावाला, जो रोज कोर्टाच्या जाळीला रिक्षा टेकवून गिऱ्हाइकं घालवतो, तो म्हणायचा, "दर मॅचला तीस. तीसच्या खाली आली तर मी रिक्षात घेणार नाय तिला." कणसं भाजणाऱ्या नवसाबाईला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण तिने सप्तशृंगीला नवस बोलून ठेवला होता. कॉलेजच्या पोरांना कप हवा होता. कुणाला पेपरात फोटो हवा होता. सायली सगळ्यांचं ऐकून मान डोलवायची आणि बुटाची नाडी बांधायची.

तिला स्वतःला काय हवं होतं, ते साधं होतं. तिला रेल्वेच्या खेळाडू भरतीच्या चाचणीचं बोलावणं आलं होतं. चाचणी डिसेंबरात. पण त्याला अट होती, विद्यापीठाच्या संघातून खेळल्याचं प्रमाणपत्र. विद्यापीठाचा संघ निवडणार तो याच आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतून. म्हणजे हा हंगाम खेळली तर निवड, निवड झाली तर चाचणी, आणि चाचणीतून नोकरी. हा हंगाम हुकला तर तिच्या हातात बी.ए.ची पदवी आणि सिन्नरची बस. कुसाबाईंनी मला फोनवर म्हटलं होतं, "ताई, पोरगी तुमच्या भरवशावर हाय." मी म्हटलं, निर्धास्त राहा.

आणि मग मी काय केलं, ते ऐका.

आमच्या धंद्यात खरं कुणी लिहीत नाही. ज्याला गल्लीतली कुत्री ओळखत नाहीत, तो माझ्याकडून 'युवकांचे हृदयस्थान' छापून नेतो. पोलीस भरतीचा नुसता फॉर्म भरला की गावच्या वेशीवर 'पोलीस दलात निवड झाल्याबद्दल अभिनंदन' लागतं. वाचणाराही जाणतो की यातलं निम्मं सोडून द्यायचं. अठरा वर्षं मी हेच छापतेय, एकाने कधी येऊन विचारलं नाही की बाई, हे खरं का?

सामन्यांना तीन आठवडे असताना मी दहा बाय आठचा फ्लेक्स छापला. मधोमध सायली, चेंडू उचललेला, मागे वाघिणीचं तोंड. वर लिहिलं, 'सिन्नरची वाघीण कु. सायली बहिरू हिची रेल्वेत नियुक्ती झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली लाल अक्षरात, 'यंदा सांभाळून!' शुभेच्छुकांत शेखर, नवसाबाई, झाडून सगळे, आणि माझ्या दुकानाचं नाव. लावला कुठे? उपेंद्र सरांच्या कॉलेजच्या गेटच्या अगदी समोर. शेखर म्हणाला, "वहिनी, नियुक्ती कुठं झालीय अजून?" मी म्हटलं, "होणारच आहे. तू दोरी ओढ." सर सकाळी स्कूटरवरून येतील, मान वर करतील आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतील, एवढंच माझ्या डोळ्यांसमोर होतं. सायलीला मी विचारलंसुद्धा नाही.

पाचव्या दिवशी तिच्या कॉलेजला पत्र आलं. उपेंद्र सरांच्या कॉलेजने लेखी हरकत घेतली होती. पूर्णवेळ नोकरीत असलेल्या खेळाडूला आंतरमहाविद्यालयीन सामने खेळता येत नाहीत, तसा नियमच आहे. पुरावा म्हणून सोबत फोटो. माझ्या फ्लेक्सचा.

सायली दुकानात आली तेव्हा मशीन चालू होतं. तिने पत्र काउंटरवर ठेवलं. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "ताई, माझं नाव कापलंय. सुनावणी होईस्तोवर." मग पत्रावर बोट ठेवून म्हणाली, "मला तर नोकरी लागलीच नाय हो." आणि खरं सांगू, तेवढ्यातही पहिला विचार सायलीचा आला नाही. पहिला विचार आला, 'हलकट माणूस! पुन्हा मलाच काढलं यादीतून.'

संध्याकाळी कुसाबाईंचा फोन आला. या वेळी आवाज चढलेला. "ताई, तुमचं त्या सरांशी काय वाकडं हाय ते तुमच्यापाशी ठेवा ना! माझ्या पोरीच्या डोक्यावर कशापायी बोर्ड लावला?" मी लोकांना शब्द विकते, आणि मला एक शब्द सुचेना.

सुनावणीला क्रीडा समितीच्या अध्यक्ष श्यामला मॅडम होत्या, साठीच्या, चष्मा नाकावर, बोलणं मोजकं. टेबलाच्या एका बाजूला सायली आणि तिचे कोच, दुसऱ्या बाजूला उपेंद्र सर. केस पांढरे झालेले, बाकी तसेच. मी दाराजवळच्या खुर्चीत. कॉलेजची हजेरी दाखवली, रेल्वेचं बोलावणं दाखवलं, चाचणी अजून व्हायची आहे हे दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "मग हे काय आहे?" आणि फोटो पुढे सरकवला.

मी उभी राहिले. "मॅडम, ते खोटं आहे. मी छापलं."

"खोटं का छापलं?"

"आमच्यात तसंच छापतात."

कोच खोकले. मॅडम हसल्या नाहीत. "आणि ह्यांच्या गेटसमोरच का लावलं?"

इथे माझी जीभ शिवशिवली. बावीस वर्षांचं सगळं ओठांवर आलं. दुसरी यादी, मित्राची मुलगी, पेढे, डावा हात, सगळं. एकदा तोंड उघडलं असतं तर त्या खोलीत मी सरांची अब्रू काढली असती. सायलीने माझ्याकडे बघितलं. हात जोडले नाहीत की खुणावलं नाही, नुसतं बघितलं. मी मूग गिळले आणि म्हटलं, "चूक झाली."

मॅडमनी निकाल दिला तो असा. मुलीची चूक नाही, ती खेळेल. पण मजकूर खोटा असल्याचं मी शिक्क्यासह लिहून द्यायचं, आणि ज्या जागी तो फ्लेक्स होता त्याच जागी, तेवढ्याच मापाचा माफीचा फ्लेक्स लावायचा. पहिल्या सामन्याआधी तो लागला नाही तर सायलीचं नाव कापलेलंच राहील. "हवेत सोडलेला शब्द हवेतच मागे घ्या," मॅडम म्हणाल्या. उपेंद्र सर म्हणाले, "माझी काही हरकत नाही. लहान का होईना, चालेल." मॅडम म्हणाल्या, "नाही. दहा बाय आठ."

घरी येऊन मी दातओठ खात बसले. नवऱ्याने जेवायला वाढलं, मी ताट सरकवलं. माझ्या मशीनवर, माझ्या शाईने, माझीच माफी! चार दिवस टाळलं. वाटलं, जाऊ दे हंगाम, पुढे बघू. हो, असंही वाटलं मला. मग आठवलं की सायलीला पुढे नाहीच. पाचव्या दिवशी सकाळी मशीन लावलं. पांढऱ्या फ्लेक्सवर काळी अक्षरं एकेक ओळ करत खाली उतरत होती. 'आमच्या दुकानाने लावलेला मजकूर खोटा होता. त्यामुळे झालेल्या मनस्तापाबद्दल मी, अंजली, जाहीर माफी मागते.' मशीन संथ आहे. माझ्या नावाला यायला वीस मिनिटं लागली.

बांधायला शेखर आला आणि सायलीही आली. मी नको म्हणत होते, तरी आली, आणि शिडी धरून उभी राहिली. कॉलेजची पोरंपोरी थांबून मोबाइलमध्ये फोटो काढत होती. तेवढ्यात स्कूटर थांबली. उपेंद्र सर. हेल्मेट काढून त्यांनी पूर्ण फ्लेक्स वाचला, सावकाश, जसं कुणी गणपतीच्या वर्गणीदारांची यादी वाचतं तसं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अहो, एवढं मनाला लावून घेऊ नका. होतं असं." आणि जाता जाता, अगदी सहज, "तुम्ही पण खेळायचात का पूर्वी?"

माझ्या हातातली दोरी सुटली. हा माणूस मला ओळखत नव्हता! नाव वीतभर अक्षरात समोर होतं, आणि तरी ओळखत नव्हता. बावीस वर्षं मी ज्याच्या नावाने बोटं मोडली, त्याच्या आयुष्यात मी एक मिनिटभरसुद्धा नव्हते. सगळी उत्तरं तयार होती, एकापेक्षा एक जहाल. मी म्हटलं, "थोडंफार."

"छान, छान," म्हणाले आणि गेटातून आत गेले.

त्या दिवशी माझ्या रागाला जी धार चढली, तशी आधी कधी नव्हती. आधी नुसतं हरवायचं होतं. आता त्यांना कळायला हवं होतं की कुणी हरवलं. सायलीला मी उरलेला आठवडाभर पिळून काढलं. "तीस नाही, पस्तीस. त्यांची मान खाली गेलेली मला बघायचीय." ती म्हणाली, "ताई, आपण जिंकू ना, ते म्होरलं." मी म्हटलं, "मानेचं आधी बघ."

पहिलाच सामना त्यांच्याशी पडला. मीनाताई ठाकरे स्टेडियमच्या हॉलमध्ये आमची तीस-चाळीस माणसं, नवसाबाई गाडी बंद ठेवून आलेली, शेखर डबा आणि चमचा घेऊन. मी मुद्दाम समोरच्या बाजूला बसले, जिथून उपेंद्र सरांचा बेंच अगदी नाकासमोर येतो. चेंडू वर उडाला आणि मी त्यांच्या तोंडावर डोळे रोवले.

पहिल्या क्वार्टरला आमच्या लोकांनी आरडाओरडा केला. सरांनी पाण्याची बाटली उघडली. दुसऱ्या क्वार्टरला शेखर डबा बडवून फोडायच्या बेतात होता. सरांनी टाइमआउट घेतला, मुलींना काहीतरी सांगितलं, एकीच्या पाठीवर थाप मारली. मी वाट बघत होते. आता पडेल हा चेहरा. आता पडेल. तिसऱ्या क्वार्टरला सगळा हॉल उभा राहिला, मी मान तिरकी करून लोकांच्या मधून त्यांचंच तोंड शोधत होते. ते घड्याळाकडे बघत होते. चौथ्या क्वार्टरला फळ्यावर एकेका पॉइंटचा फरक, शेवटचे काही सेकंद, नवसाबाईने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. मी हलले नाही. शिट्टी वाजली. हॉल फुटला. आमचे लोक कोर्टावर धावले. जिंकलो, एका पॉइंटने.

आणि उपेंद्र सर उठले. हीच ती वेळ. त्यांनी चष्मा पुसला, आमच्या बेंचकडे जाऊन कोचचा हात हातात घेतला, हसून काहीतरी बोलले आणि बॅग उचलून निघाले. मान खाली गेली नाही. गेली असेल तर बॅगेची चेन लावताना. बस्स, एवढंच. बावीस वर्षांचं एवढंच मिळालं.

मी तशीच बसून होते. सायली गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आली. घामाने निथळत होती, एक गुडघा खरचटलेला, चेहरा असा फुललेला की तीन वर्षांत मी तसा पाहिला नव्हता. समोर येऊन उभी राहिली. "ताई! शेवटची बास्केट कशी व्हती?"

"एक नंबर!" मी म्हटलं. "काय मारलास ग शॉट! अगदी मी शिकवला तसा."

ती हसता हसता थांबली.

"ताई, ती मी नाय मारली. निकितानं मारली. माझ्यावर तिघी आल्या व्हत्या ना, मी पास दिला तिला." मग तिने विचारलं, "तुम्ही कुठं बघत व्हत्या?"

मागे शेखर ओरडत होता, "सायलीचे एकतीस, एकतीस!" नवसाबाई रडत होती. त्या हॉलमधल्या कणसं भाजणाऱ्या बाईनेसुद्धा सायलीचा खेळ पाहिला होता. चाळीस मिनिटं मी एका माणसाच्या तोंडाकडे टक लावून बसले होते, आणि आता माझ्यासमोर उभ्या असलेल्या पोरीच्या तोंडाकडे मला बघवेना.